एकाच क्षणी तीन कमांड फेल झाल्या, म्हणजे डिस्कवर तीन जागा खराब का?

तुम्ही डीमेसेजमधल्या (लिनक्स कर्नलच्या लॉगमधल्या) ज्या ओळी दिल्या आहेत त्या वाचून आधी एवढंच सांगतो की डिस्क फेकायची घाई करू नका. घरच्या सर्व्हरवरच्या साटा डिस्कसाठी एकाच सेकंदात 'फेल्ड कमांड: रीड एफपीडीएमए क्यूड' असं तीनदा आलं, टॅग ४, ५ आणि ६. तीन सेक्टर एकदम कसे मेले, हा टॅग म्हणजे काय आणि कर्नलच्या पोटात 'कमांड' ही नेमकी कुठली वस्तू असते, असं तुम्ही विचारलंय. टॅग कळला की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुमची तिसरी ओळ अशी आहे: 'सीएमडी ६०/०८:३०:००:१०:२०/००:००:००:००:००/४० टॅग ६ एनसीक्यू डीएमए ४०९६ इन'. 'टॅग' शब्दाच्या आधीचे हे सगळे आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायात) आहेत आणि डिस्ककडे जी कमांड गेली तिचे हे खरेखुरे बाइट आहेत. ६० म्हणजे रांगेतलं वाचन. त्यापुढचं ०८ म्हणजे आठ सेक्टर, ५१२ बाइटचा एक, म्हणून शेवटी ४०९६ दिसतंय. त्यानंतरच्या ३० वर जरा थांबा. जुन्या एटीए कमांडमध्ये या जागी 'किती सेक्टर' हा आकडा असायचा. रांगेची सोय (एनसीक्यू, म्हणजे एकदम अनेक कमांड डिस्ककडे देणं) आली तेव्हा टॅगसाठी कमांडमध्ये वेगळी जागा नव्हती, म्हणून सेक्टरांची संख्या शेजारच्या 'फीचर' खान्यात गेली आणि रिकाम्या झालेल्या खान्याच्या वरच्या पाच बिटांत टॅग बसवला. हेक्स ३० म्हणजे ४८, भागिले आठ, उत्तर ६. टॅग ६. पाच बिटांत बत्तीसच आकडे बसतात, म्हणून साटा डिस्कवर एका वेळी जास्तीत जास्त ३२ कमांड प्रलंबित राहू शकतात. पुढचे ००:१०:२० उलट्या क्रमाने वाचा: हेक्स २०१०००, म्हणजे सेक्टर २१०१२४८, डिस्कच्या सुरुवातीपासून बरोबर १०२६ एमआयबीवर. हे एकदा कागदावर करून पाहा, मग अशा लॉगची भीती कायमची जाते.

आता वरच्या ओळीतला 'एसॲक्ट ७०' बघा. तो बिटमॅप आहे: एकेका टॅगला एकेक बिट, मोजणी शून्यापासून. हेक्स ७० मध्ये चौथा, पाचवा आणि सहावा बिट लागलेला आहे, म्हणजे त्या क्षणी नेमक्या तीनच कमांड डिस्ककडे होत्या आणि त्या तिन्ही फेल दाखवल्या गेल्या. एकही सुटली नाही. शिवाय तिन्हींपुढे कारण एकच छापलंय, 'एटीए बस एरर', आणि 'एसएरर'च्या ओळीत कंसात 'बॅड सीआरसी', म्हणजे डेटासोबत येणारा पडताळणीचा आकडा जुळला नाही. सेक्टर खराब असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. रांगेतली एक कमांड माध्यमाच्या दोषाने अडली की डिस्क रांगेतलं सगळं काम सोडून देते. मग कर्नल तिच्याकडून हेक्स १० क्रमांकाचं लॉगपान मागवतो, त्यात चूक कोणत्या टॅगची ते लिहिलेलं असतं. तेवढी एकच कमांड 'मीडिया एरर' म्हणून लॉगमध्ये येते आणि बाकीच्या गुपचूप पुन्हा पाठवल्या जातात. तुमच्याकडे मात्र तिन्हींना एकदम एकच फटका बसलाय. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा बिघडला, आणि त्या क्षणी जे जे वाटेवर होतं ते सगळं संशयित ठरलं.

आता कर्नलच्या पोटातलं. 'कमांड' नावाची एकच वस्तू तिथे सापडत नाही. एकाच मागणीला थराथरावर वेगळं रूप मिळतं. फाइलसिस्टम जी मागणी तयार करते तिला बायो म्हणतात. त्यात एवढंच लिहिलेलं असतं: कोणतं डिव्हाइस, कितव्या सेक्टरपासून, मेमरीतली कोणती पानं (मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे), वाचायचं की लिहायचं, आणि काम झालं की कोणाला हाक मारायची. बायोला डिस्क साटा आहे की आणखी काही याची काहीच कल्पना नसते. तिच्यातला सेक्टर कायम ५१२ बाइटचा, मग डिस्कचा स्वतःचा ब्लॉक ४०९६ का असेना. इथे नवशिके हमखास फसतात. २.४ कर्नलपर्यंत हे काम बफर हेडवर चालायचं, म्हणजे एका ब्लॉकला एक नोंद. मोठं वाचन आधी तुकडे करून पाठवायचं आणि खाली पुन्हा शिवायचं, असला उपद्व्याप होता. २.५ मध्ये येन्स आक्सबो यांनी बायो आणली आणि तो थांबला.

शेजारशेजारच्या बायो एकत्र जोडून एक रिक्वेस्ट बनते. टॅग मिळतो तो रिक्वेस्टला. देवळाबाहेर चपला ठेवतो तेव्हा हातात बिल्ला मिळतो, अगदी तसंच. फळीवरचे कप्पे आधीच ठरलेले, प्रत्येक कप्प्याचा एकच बिल्ला, आणि बिल्ले संपले तर तुम्ही बाहेर उभे. कर्नल डिस्क ओळखतो तेव्हाच सगळ्या रिक्वेस्टची मेमरी एकरकमी बाजूला काढून ठेवतो, आणि प्रत्येकीच्या पाठीला ड्रायव्हरला लागणारी जागाही चिकटवून देतो. ऐन वेळी मेमरी मागायची वेळच येऊ देत नाही. यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. मेमरी संपत आली की कर्नल घाण झालेली पानं (बदललेली, पण अजून डिस्कवर न उतरलेली) डिस्कवर लिहून ती मोकळी करतो. त्या लिहिण्यासाठीच जर नवी मेमरी लागली, तर मशीन तिथेच अडकून पडेल. (मधे शेड्युलर, म्हणजे कोणती रिक्वेस्ट आधी ते ठरवणारा, असेल तर बिल्ले दोन होतात, एक शेड्युलरकडचा आणि एक प्रत्यक्ष डिस्ककडे निघताना मिळणारा. लॉगमध्ये दिसतो तो दुसरा.) आजची ही रचना, जिला ब्लॉक मल्टिक्यू म्हणतात, ३.१३ मध्ये, जानेवारी २०१४ ला आली. जुनी एकरांगी वाट मार्च २०१९ च्या ५.० मध्ये काढून टाकली.

तुमच्या साटा डिस्कच्या बाबतीत पुढे आणखी एक वळण आहे. लिनक्स साटा डिस्कला स्कझी (डिस्कशी बोलण्याची आणखी एक पद्धत) डिस्क समजूनच वागवतो, म्हणून तर तिचं नाव 'एसडीए'. रिक्वेस्टच्या पाठीला चिकटलेल्या त्या जागेत आधी स्कझी कमांड लिहिली जाते, मग लिबाटा हा कर्नलचा भाग तिचं एटीएमध्ये रूपांतर करतो आणि शेवटी २० बाइटचं एक पाकीट बनतं. एएचसीआय कंट्रोलरसाठी (बोर्डावरचे साटा पोर्ट सांभाळणाऱ्या चिपसाठी) मेमरीत बत्तीस कप्प्यांची फळी असते, कप्प्याचं शीर्षक ३२ बाइट, एकूण १०२४ बाइट. टॅग ६ ची कमांड कप्पा ६ मध्ये. त्या कप्प्यातून एका तक्त्याचा पत्ता मिळतो आणि तक्त्यात मेमरीचे खरे पत्ते, जिथे डिस्कवरून आलेला डेटा डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता, थेट उतरतो. ड्रायव्हर कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये सहावा बिट लावतो आणि बाजूला होतो. इथून पुढे ती पानं कर्नलच्या हातात नाहीत.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात घ्या. तीस सेकंद झाले आणि डिस्कने उत्तर दिलं नाही, तर? बऱ्याच जणांना वाटतं, कर्नलने कमांड रद्द केली आणि वापरकर्त्याला एरर दिली की प्रकरण मिटलं. तसं करता येत नाही. डिस्क हळू असेल, मेलेली नसेल. तुम्ही ते पान परत घेऊन दुसऱ्या कोणाला दिलं आणि एकतिसाव्या सेकंदाला डिस्कने जुन्या पत्त्यावर डेटा ओतला, तर तिसऱ्याच प्रोग्रामची मेमरी बिघडेल, आणि त्याचा माग लावता लावता आठवडे जातील. म्हणून वेळ टळून गेली तरी बिल्ला आणि पान दोन्ही अडकलेलेच राहतात. डिस्कने स्वतः 'ही कमांड सोडली' असं सांगावं, नाहीतर कर्नलने लिंकच रीसेट करून खात्री करून घ्यावी की आता तिकडून काही येणार नाही. त्यानंतरच कप्पा रिकामा धरायचा. लॉगमधल्या 'फ्रोजन' आणि 'हार्ड रीसेटिंग लिंक' या दोन ओळी म्हणजे हीच खात्री.

मशीन पूर्ण थिजल्यासारखं का वाटतं, तेही यातच आहे. स्कझीचा चूक निस्तरणारा थ्रेड (पीएसमध्ये 'स्कझी_ईएच_२' अशा धर्तीच्या नावाने दिसतो) एकट्या कमांडसाठी उठत नाही. एक कमांड बिघडली की त्या होस्टवर (इथे त्या साटा पोर्टवर) नव्या कमांड थांबतात, आणि बाकीच्या प्रलंबित कमांड एकतर पूर्ण होतील किंवा त्यांचीही वेळ संपेल, तोवर वाट पाहिली जाते. सगळ्यांचा हिशेब लागला की मगच काम सुरू. ऐकायला हे मंद वाटतं, पण अर्धवट अवस्थेत लिंक रीसेट करण्यापेक्षा फार सुरक्षित आहे.

या तीस सेकंदांनी मला एकदा चांगलंच दमवलं होतं. एका छोट्या ऑफिसात चार डिस्कचा सॉफ्टवेअर रेड (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून जोडलेला संच) होता, आणि दर काही आठवड्यांनी त्यातली एक डिस्क बाहेर फेकली जायची. बाहेर काढून तपासली की ठणठणीत. डिस्क डेस्कटॉप वर्गातली होती. एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही की ती स्वतःशीच प्रयत्न करत राहायची, तीस सेकंदांहून जास्त वेळ. इकडे कर्नलची मुदत संपायची, लिंक रीसेट, डिस्क तरी गप्पच, मग रेडच्या लेखी ती मेलेली. खरं तर तिने पटकन 'वाचता येत नाही' एवढं कबूल केलं असतं, तर रेडने बाकीच्या डिस्कवरून तो तुकडा उभा करून पुन्हा लिहिला असता. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासण्याच्या टूलमधून तिच्या प्रयत्नांची मर्यादा ७० वर ठेवली (हा आकडा सेकंदाच्या दशांशात असतो, म्हणजे सात सेकंद) आणि त्रास बंद झाला. ज्या डिस्कमध्ये ही सोय नसते, तिथे उलट कर्नलची मुदत वाढवावी लागते. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग जिथे फाइलींच्या रूपात दिसतात तिथे) त्या डिस्कच्या 'डिव्हाइस' फोल्डरात 'टाइमआउट' नावाची फाइल आहे, तिच्यात मी १८० लिहितो.

तुम्ही जाता जाता एनव्हीएमईबद्दल (साटाऐवजी वेगळ्या वाटेने जोडलेल्या एसएसडीबद्दल) विचारलंय, तिथे मधलं भाषांतर नाही. रिक्वेस्टवरून थेट ६४ बाइटची कमांड बनते, ती मेमरीतल्या रांगेत ठेवायची आणि डोअरबेल रजिस्टरमध्ये (कंट्रोलरला नवं काम आल्याचं कळवायच्या जागी) रांगेचं नवं टोक लिहायचं. उत्तर १६ बाइटचं येतं आणि त्यात कमांडचा आयडी असतो. लिनक्स या सोळा बिटांच्या आयडीत टॅगला बारा बिट देतो आणि उरलेल्या चारांत एक फिरता आकडा ठेवतो, जो दर वापराला बदलतो. एखाद्या बिघडलेल्या कंट्रोलरने आधीच्या खेपेचं उत्तर उशिरा किंवा दुसऱ्यांदा पाठवलं, तर बिल्ल्याचा नंबर जुळतो पण फिरता आकडा जुळत नाही, आणि कर्नल ते उत्तर नाकारतो. चार बिटांत केलेली ही राखण मला फार आवडते.

आता तुमच्या डिस्ककडे परत. लॉगच्या शेवटी 'ईएच कम्प्लीट' आहे आणि त्यानंतर 'आय/ओ एरर ... सेक्टर' अशी ओळ कुठेच नाही. म्हणजे लिंक रीसेट झाल्यावर तिन्ही वाचनं पुन्हा पाठवली गेली आणि पूर्ण झाली. वरच्या प्रोग्रामला काही कळलंही नाही. डेटा गेलेला नाही.

मशीन बंद करून साटा केबल बदला, नुसती काढून पुन्हा लावू नका. जमलं तर बोर्डावरचा पोर्टही बदला आणि पॉवरचा कनेक्टर सैल नाही ना ते हाताने पाहा. त्याआधी स्मार्टसीटीएलने दोन आकडे लिहून ठेवा: १९९ क्रमांकाचा सीआरसी चुकांचा आणि १९७ क्रमांकाचा प्रलंबित सेक्टरांचा. १९९ चा आकडा कधी शून्यावर येत नाही, तेव्हा तो मोठा दिसला म्हणून घाबरू नका, केबल बदलल्यावर वाढतोय का एवढंच बघा. १९७ शून्याच्या वर असेल तर मात्र बॅकअप आधी, केबल नंतर.

कोणीतरी तुम्हाला क्यू डेप्थ १ करायला सांगितलंय, ते करू नका. त्याने एका वेळी एकच कमांड डिस्ककडे जाईल, म्हणजे चूक झाली तरी लॉगमध्ये तीनऐवजी एकच ओळ येईल. केबल तशीच राहील.

आठवडाभर मशीन चालवा आणि दोन्ही आकडे, आधीचे आणि नंतरचे, इथेच टाका. मधे पुन्हा असा लॉग आला तर 'एसॲक्ट'ची पूर्ण ओळ आणि प्रत्येक कमांडखालची 'आरईएस'ने सुरू होणारी ओळ काटछाट न करता द्या, आपण बिट मोजून बघू.