पहिल्या पगाराआधीच दोन बाँड

प्रश्न : मी बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी दर शनिवारी पहिल्या पगाराच्या बोलणीवर एक तास घेतो. कंपनीने देऊ केलेल्या पॅकेजपेक्षा वीस टक्के जास्त मागा, असे मी त्यांना सांगतो. हे योग्य आहे का? माझ्या मुलीलाही पुण्यात 4.2 लाखांचे पॅकेज मिळाले आहे. दोन वर्षांचा बाँड आहे, म्हणजे त्याआधी नोकरी सोडली तर कंपनीला ठरलेली रक्कम भरावी लागते. महिना 35,000 येणार, म्हणून एका स्नेह्यांकडून तिच्या नावे वर्षाला 60,000 हप्त्याची, वीस वर्षांची पॉलिसी घेतली. करही वाचेल आणि शेवटी 22 लाख मिळतील, असे ते म्हणाले. पहिला हप्ता मी सोसायटीतील ठेव मोडून भरला; पॉलिसी गेल्या आठवड्यात घरी आली. साडेदहा टक्क्यांचे 4 लाखांचे शैक्षणिक कर्ज आहे, ते नोकरी लागल्यावर फेडू. हेच स्नेही माझ्या तासाला शेवटची वीस मिनिटे बचतीवर बोलतात.

उत्तर : सर, आपल्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी देतो, कारण आपण जे विचारले आहे त्याला मुदत नाही आणि जे विचारलेले नाही त्याला आहे.

आधी 35,000 चा हिशेब पाहू. आपण 4.2 लाखांना बाराने भागले आहे, पण पॅकेज म्हणजे पगार नव्हे. मुलीमागे कंपनीचा जो काही खर्च होतो तो सगळा त्यात धरलेला असतो. दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी पाहून दिला जाणारा भाग, धरले तर 42,000 वर्षअखेरीस, तेही मिळाले तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ साधारण 21,600, ग्रॅच्युइटी दहा हजार, गटविमा पाचसहा हजार. उरले 3.4 लाख, म्हणजे महिना 28,400. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 वजा जाता हातात 26,400 पडतील. ऑफर लेटरच्या मागे जोडलेल्या तक्त्यात हे सगळे लिहिलेले असते. आपल्या तक्त्यातले आकडे थोडे इकडेतिकडे असतील, 35,000 मात्र त्यात कुठेही सापडणार नाहीत.

आता खर्च. पुण्यात राहणे-जेवण काटकसरीने 12,000. कर्ज सात वर्षांत फेडायचे तर हप्ता 6,750. पॉलिसीचे महिना 5,000. मुलीच्या हाती अडीच हजार उरतात, आणि त्यातच बसभाडे, औषध, फोन आणि सणाला बेळगावला येणे-जाणे. पहिल्या अडचणीला ती क्रेडिट कार्ड वापरेल आणि दुसऱ्या वर्षाचा हप्ता पुन्हा आपल्यालाच ठेव मोडून भरावा लागेल.

बरे, या 5,000 चे होते काय? वीस वर्षांत 12 लाख भरून 22 लाख मिळाले, तर परतावा साडेपाच टक्के पडतो, आणि त्या 22 लाखांतही बोनसचा भाग अंदाजाचा असतो. घरात साडेदहा टक्क्यांचे कर्ज असताना साडेपाच टक्क्यांनी पैसे गुंतवण्याचा सल्ला देणाऱ्याला मी तरी स्नेही म्हणणार नाही. करबचतीचे कारण तर निव्वळ थाप आहे : 4.2 लाखांवर नव्या पद्धतीने कर शून्य आणि जुन्यानेही शून्य, मग वाचणार काय? मुलीवर आज कोणी अवलंबून नाही. कर्जाला आपण सहकर्जदार असाल तर तेवढ्यापुरते संरक्षण हवे, आणि त्यासाठी 50 लाखांचा साधा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे देणारा) तिच्या वयाला वर्षाकाठी पाचसहा हजारांत मिळतो. शिवाय प्रस्ताव अर्जात तिचे उत्पन्न काय लिहिले आहे ते पाहा. नोकरीवर रुजू न झालेल्या मुलीचे वार्षिक उत्पन्न 4.2 लाख लिहिलेले आढळले, तर तो अर्ज कोणी भरला हेही मुलीला विचारा.

सुदैवाने पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे किरकोळ पैसे कापून बाकी रक्कम मिळते. अर्ज मुलीच्या सहीने, थेट कंपनीच्या शाखेत द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. स्नेह्यांच्या हाती कागद देऊ नये. ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हणता म्हणता महिना संपतो. परत आलेले पैसे सरळ कर्जखात्यात भरा.

आता आपला तास. ती वीस मिनिटे या शनिवारपासूनच बंद करा. सर ज्याला वर्गात आणतात त्याच्यावर मुले सरांइतकाच विश्वास ठेवतात, आणि साठ मुलांचे फोन नंबर एका बैठकीत मिळावेत यापेक्षा एजंटाला आणखी काय हवे?

वीस टक्क्यांचे म्हणाल तर कॅम्पसवर येणाऱ्या मोठ्या कंपन्या पूर्ण तुकडीला एकच आकडा ठरवून येतात. तिथे मुलाने जास्त मागितले तरी तो बदलत नाही. तिथे विचारण्याजोगे प्रश्न वेगळे : व्हेरिएबल किती आणि मागच्या तुकडीला प्रत्यक्षात किती मिळाले, बाँडची रक्कम महिन्यागणिक कमी होते का, पगाराचा पहिला आढावा केव्हा. मुलीच्या बाँडबद्दलही रुजू होण्याआधी हेच विचारून उत्तर ईमेलवर घ्या. खरी बोलणी होते ती उद्यमबागेतल्या कारखान्यात किंवा वीसपंचवीस माणसांच्या कंपनीत, जिथे मालक समोर बसून ‘किती अपेक्षा आहे?’ असे विचारतो. तिथे ‘तुम्ही द्याल ते’ म्हणणारा मुलगा दोन हजार तिथेच गमावतो. त्याने आधी चार सीनियरना विचारून आकडा ठरवावा, तो हातात पडणाऱ्या पगाराचा सांगावा आणि पीएफ आहे का, 21,000 पर्यंतच्या पगाराला ईएसआय (कामगार राज्य विमा) लावणार का, हे लेखी घ्यावे. कर्नाटकात 25,000 च्या आतील पगाराला व्यवसाय कर नाही, हेही त्याला ठाऊक असावे.

आपल्या सीमाभागातील मुले एक गोष्ट बोलणीत कधीच मांडत नाहीत. सकाळी कोल्हापूरच्या ग्राहकाशी मराठीत आणि दुपारी हुबळीच्या ग्राहकाशी कन्नडमध्ये बोलू शकणारा अभियंता पुण्यात किंवा बंगळूरला सहज मिळत नाही. विक्री किंवा सेवा विभागाच्या मुलाखतीत त्याचे पैसे मागता येतात, आणि ते वाक्य मुलांकडून वर्गात मोठ्याने म्हणवून घ्यायला रिकामी झालेली वीस मिनिटे पुरतील.