सावकाश थंड केलेलं कार्बन-पीक लॅमिनेट लवकर का चिरतं?

एकाच टेपचे, म्हणजे पीक (PEEK) या प्लास्टिकमध्ये बसवलेल्या कार्बन तंतूंच्या पट्टीचे, थर रचून दोन लॅमिनेट दाबली, एक झटकन थंड केलं, एक सावकाश. तंतूंच्या दिशेची ताकद जवळपास सारखी, पण सावकाश थंड झालेल्याचे थर आधी सुटले, असं तुम्ही लिहिलंय. सावकाश म्हणजे सगळं नीट बसणार, असं सुरुवातीला मलाही वाटायचं.

कार्बनच्या तंतूंना या तापमानाचं काहीच वाटत नाही. घडतं ते सगळं पीकमध्ये. पीक ३४३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि सुमारे १४३ अंशांखाली त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या गोठतात. स्फटिक वाढतात ते या दोन आकड्यांच्या मधे. तिथे जास्त वेळ मिळाला की स्फटिकांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या वर जातं, स्फेरुलाइट, म्हणजे स्फटिकांचे गोल पुंजके, मोठे होतात. कडकपणा वाढतो, द्रावकांपुढे टिकावही धरतो. पण भेगेच्या टोकाशी ताणला जाऊन ऊर्जा पिऊन टाकणारा अस्फटिक (साखळ्या विस्कळीत राहिलेला) भाग कमी होतो, म्हणून भेग थरांमधून सरसर पळते.

गंमत म्हणजे सावकाश थंड केल्यावर तंतू आणि पीकची पकड बहुधा सुधारते. पकड चांगली, तरी थर सुटतात! ‘बाँडिंग कच्चं राहिलं’ हे निदान म्हणूनच घाईचं ठरतं.

वितळवण्याकडे मात्र लोकांचं दुर्लक्ष होतं. ३४३ च्या जेमतेम वर थोडाच वेळ ठेवलंत, तर जुन्या स्फटिकांचे अवशेष उरतात आणि थंड होताना त्यांच्यापासूनच नवे वाढतात. ३८० ते ४०० अंशांना पुरेसा वेळ दिला की हे अवशेष पुसले जातात, आणि तंतूंच्या पृष्ठभागावरून वाढणाऱ्या स्फटिकांना जागा मिळते. त्याहून वर फार वेळ रेंगाळलात तर साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन स्फटिकीकरणच मंदावतं.

तेव्हा दोन्ही तुकड्यांची डीएससी, म्हणजे तापवताना नमुन्यात शिरणारी आणि बाहेर पडणारी उष्णता मोजणारी चाचणी, करा. त्याआधी काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली पोकळ्या बघा, कारण थंड होताना दाब लवकर सोडला असेल तर दोष स्फटिकांचा नसेलच. डीएससीत झटकन थंड केलेल्या नमुन्यात तापवताना १७० अंशांच्या आसपास उष्णता बाहेर टाकणारं शिखर दिसलं, तर त्यात स्फटिकीकरण अर्धवट राहिलंय. असा भाग पुढे १४३ च्या वर वापरणार असाल, तर उरलेले स्फटिक तो तिथेच तयार करेल आणि थोडा आकसेल.