पाताळ म्हणजे नरक नव्हे

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: पाताळ आणि नरक एकच का, आणि ‘पाताळयंत्री’ माणसाचा पाताळाशी संबंध काय?

एकच नाहीत. हा घोटाळा मला फार खुपतो, कारण जुन्या ग्रंथांनी या दोन जागा स्वच्छ वेगळ्या ठेवल्या आहेत. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात पाताळाचा वर्ग निराळा, नरकाचा निराळा. पाताळाला तिथे अधोभुवन, बलिसद्म, रसातल, नागलोक असे प्रतिशब्द दिलेत. म्हणजे बळीचं घर, नागांचा मुलुख. पाप-शिक्षेचं नावही नाही. विष्णुपुराणात तर नारद पाताळ फिरून येतो आणि स्वर्गात जाऊन सांगतो की पाताळ स्वर्गापेक्षा रमणीय आहे! भागवताच्या पाचव्या स्कंधात याला ‘बिलस्वर्ग’ म्हटलंय, बिळातला स्वर्ग. सूर्य नाही, पण नागांच्या फण्यांवरच्या रत्नांचा उजेड आहे. नरकांचं वर्णन त्याच स्कंधात पुढे, वेगळ्या अध्यायात येतं.

भागवतातले थर सात: अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल. सातही मिळून पाताळ आणि सगळ्यांत खालचा थरही पाताळच, त्यामुळे वाचताना गोंधळ होतो.

शब्दाबद्दल. परंपरेने पाताल हा ‘पत्’ म्हणजे पडणे या धातूपासून साधतात. दुसरीकडे ‘पायातळीचं ते पाताळ’ असंही लोक सांगतात. व्याकरणाने ते टिकणार नाही, पण कल्पना जुनी आहे: भागवतातच विराटपुरुषाचे, म्हणजे सगळं विश्व हेच ज्याचं शरीर त्याचे, तळपाय म्हणजे पाताळ असं वर्णन आहे. मराठीत ल चा ळ झाला, इतकंच. नेसायच्या पातळाशी किंवा पातळ आमटीशी याचं काही नातं नाही.

मला सर्वांत आवडतो तो रसातळ. आपण घर-धंदा बुडाला की ‘रसातळाला गेला’ म्हणतो. संस्कृत कोशांत रसा म्हणजे पृथ्वी, तिच्या तळाचं ते रसातल. पण ऋग्वेदात रसा ही एक नदी आहे. दहाव्या मंडलात गाई दडवून बसलेले पणी नावाचे देवांचे शत्रू इंद्राच्या कुत्रीला, सरमेला, विचारतात, तू रसेचं पाणी ओलांडून आलीस कशी? आणि भागवतात रसातलात राहणारे कोण, तर हेच पणी. इतक्या शतकांनंतरही त्यांचा पत्ता रसेशी जोडलेला राहिला, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

बळी मात्र सुतलात आहे, आणि त्याच्या दाराशी पहारेकरी म्हणून स्वतः वामन उभा. आपल्याकडे ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणून ज्याची वाट बघतात, तो राजा नरकात असेल कसा? महात्मा फुल्यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त याच बळीला रयतेचा न्यायी राजा म्हणून उभं केलं.

आता पाताळयंत्री. पाताळयंत्र हे रसशास्त्रातलं, म्हणजे आयुर्वेदाच्या औषधं बनवण्याच्या शास्त्रातलं, खरंखुरं यंत्र आहे. खड्ड्यात एक भांडं पुरायचं. त्यावर तळाला भोक पाडलेलं मडकं ठेवायचं, त्यात बिब्बे भरायचे, तोंड आणि सांधा चिखल-कापडाने लिंपायचा आणि मडक्याभोवती गोवऱ्या पेटवायच्या. धग वर, आणि तेल ठिबकतं खाली, जमिनीच्या पोटात. कारस्थानी माणसाला हे विशेषण इथूनच चिकटलं असावं असं मला वाटतं, कारण वरून बघणाऱ्याला जाळ दिसतो, खाली काय साठतंय ते दिसत नाही. मुंबईतल्या टोळ्यांच्या जगाला मात्र मराठीत कुणी पाताळ म्हणत नाही. त्याला अंडरवर्ल्ड किंवा अधोविश्व, आणि ते बरंच आहे.