कीर्तनाचं चित्र का अडकलं, तिथूनच सुरुवात कर

प्रश्न: सर, मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावच्या हरिनाम सप्ताहाचं कीर्तन मी मंडपातून लाइव्ह केलं. मध्येच चित्र अडकलं, आवाज मात्र चालू होता. बघणाऱ्या सगळ्यांचेच फोन आले. तेव्हापासून स्ट्रीमिंगमध्ये काम करावंसं वाटतंय. पण कोडेक, बिटरेट, सीडीएन, एचएलएस हे शब्द पाठ करूनही डोक्यात राहत नाहीत. तीन महिन्यांच्या कोर्सचे ४५ हजार सांगितलेत. भरू का?

उत्तर: आत्ता भरू नकोस. हे शब्द पाठ करून राहणारे नाहीत, हाताखालून गेले की आपोआप बसतात. त्यासाठी एक संध्याकाळ पुरे.

कीर्तनाची दोन मिनिटांची क्लिप लॅपटॉपवर घे. एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याने एचएलएस, म्हणजे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याच्या पद्धतीने, क्लिपचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाड. वीसेक फायली होतील आणि सोबत एमथ्रीयूएट (.m3u8) ही छोटी फाइल. ती नोटपॅडमध्ये उघड. आत नुसती यादी दिसेल: हा तुकडा इतक्या सेकंदांचा, त्यानंतर हा. फोनवरचा प्लेअर ही यादी वाचतो आणि एकेक तुकडा मागवतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेली ही पद्धत आजही सर्रास चालते.

मग तीच क्लिप वेगवेगळ्या बिटरेटला काढ. बिटरेट म्हणजे एका सेकंदाला किती डेटा लागतो ते; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी. ५ मेगाबिटला सहा सेकंदांचा तुकडा पावणेचार एमबीचा होतो, १ मेगाबिटला पाऊण एमबीचा. एसटी घाटात शिरून रेंज पडली की प्लेअर हा लहान तुकडा मागतो. चित्र भुरकट होतं, पण थांबत नाही. ॲडॅप्टिव्ह बिटरेट म्हणतात ते हेच.

आता तुझा मंडप. आवाजाला १२८ किलोबिट पुरतात, चित्राला त्याच्या कितीतरी पट लागतात. अपलोड कमी पडला की बरीच लाइव्ह सॉफ्टवेअर आधी चित्राच्या फ्रेम गाळतात आणि आवाज जपतात. सगळ्यांचेच फोन आले, म्हणजे अडचण बहुधा त्यांच्या नेटची नव्हती, मंडपातल्या अपलोडची होती. पुढच्या सप्ताहात बिटरेट उतरवून बघ.

माझ्या मते नोकरीसाठी हीच नजर लागते. २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. एवढ्यांना एका ठिकाणाहून तुकडे पुरवणं अशक्य, म्हणून त्यांच्या प्रती प्रेक्षकांच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवतात. ते जाळं म्हणजे सीडीएन. कुठला तुकडा कुठे रखडला हे शोधणारी माणसं अशा कंपन्यांना कायम लागतात.

तेव्हा कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय मार्कांपुरता करू नकोस. टीसीपी आणि एचटीटीपी, म्हणजे नेटवरून डेटा मागवण्याचे आणि पोचवण्याचे नियम, नीट समजून घे, सोबत पायथन. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या आणि पुन्हा उलगडणाऱ्या तंत्राच्या, आत शिरायचं असेल तर सी आणि गणित पक्कं हवं. तो रस्ता लांबचा आहे, एमएस्सीच्या वेळी ठरव.

क्लिपचे तुकडे पाडलेस की दोन्ही बिटरेटच्या फायलींचे आकार मला लिहून पाठव. आकडे माझ्या हिशेबापेक्षा थोडे वेगळे येतील. ते का, हे आधी तू शोध.