घरी वेगळी, मैत्रिणींत वेगळी, मग खरी मी कुठली?

प्रश्न: ताई, मी 16 वर्षांची आहे. घरी मी गप्प, मैत्रिणींमध्ये नुसती बडबड, ऑनलाइन तर तिसरीच. सोशिऑलॉजी घेतलंय, त्यात वाचलं की वागण्याचे नियम समाजच शिकवतो, तेव्हापासून वाटतंय की माझं स्वतःचं असं काही आहे की नाही?

उत्तर: अगं, तू खोटी नाहीयेस, हे आधी सांगते. गॉफमन नावाचा समाजशास्त्रज्ञ म्हणायचा की माणूस समोरच्या प्रेक्षकांप्रमाणे भूमिका घेतो, सगळेच घेतात, तुझे आईबाबासुद्धा. आणि कूली या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्ये आरशाची उपमा दिली, म्हणजे आपण इतरांना कसे दिसतो, ते काय म्हणत असतील याची आपण कल्पना करतो आणि त्यावरून स्वतःचा अभिमान नाहीतर लाज वाटते. यातला कल्पना हा शब्द धरून ठेव, कारण लोक खरंच तसं म्हणतात का हे आपण विचारलेलंच नसतं!

नियम तर मोडेपर्यंत दिसतच नाहीत. गार्फिंकेल या समाजशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्याच घरी थोडा वेळ पाहुण्यासारखं, अगदी अदबीने वागायला सांगितलं होतं, तर घरचे गोंधळले, चिडले, बरं नाहीये का विचारायला लागले. नुसत्या अदबीने वागलं म्हणून! (तू मात्र घरच्यांना न सांगता हे करू नकोस, उगाच दुखावतील.)

त्यापेक्षा वही घे आणि आठवडाभर लिही, मी कुठे गप्प बसले, कोणाच्या नजरेची भीती वाटली, आणि कुठला नियम मला मनापासून पटतो. नियम शिकवलेला असला तरी पटवून घेतलेला तुझाच असतो गं. लिहून झालं की मला परत पत्र पाठव, मी वाट बघते.