जिल्ह्यातल्या सगळ्याच शाळकरी मुलांना समुपदेशन मिळावं यासाठी ग्रामीण भागात काय करता येईल?

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळा व्यवस्थापन समितीवर आहात, आणि शाळेला समुपदेशक मिळण्याची आशा नसताना सगळ्या मुलांपर्यंत ही सोय पोचवायची कशी, असं विचारलंय. मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलंय आणि याच भागात एका केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटातल्या, शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते, तेवढ्या अनुभवावर लिहिते.

आधी 'ज्याला त्रास आहे त्याला पाठवा' ही पद्धत बंद करा. गावात एकट्या मुलाला समुपदेशकाकडे पाठवलं, की मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर होतं आणि संध्याकाळी पारावर. दुसऱ्या दिवशी आजी दारात उभी : "काहून हो मॅडम, आमच्या पोट्ट्याले येड लागलं म्हंता का?" ते पोरगं मग तुमच्याकडे फिरकत नाही. सगळ्यांना बोलावलं तरच ज्याला गरज आहे तो येतो.

आम्ही हजेरीपटाच्या क्रमाने बोलावतो. प्रत्येकाला पाच-सात मिनिटं. बहुतेक पोरं घरच्या बकरीबद्दल नाहीतर क्रिकेटबद्दल बोलून जातात, जाऊ द्यायचं. ज्याला काही सांगायचं असतं ते उठता उठता थबकतं, किंवा पुढच्या आठवड्यात "मॅडम, माझा नंबर राहिला" अशी थाप मारून पुन्हा येतं. बसायला बंद खोली नको. कडुनिंबाखाली दोन खुर्च्या टाका, व्हरांड्यातून दिसतील पण बोलणं ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर. मुलाचीही सुरक्षा, तुमचीही.

याच कारणाने मला एका प्रकाराची फार चीड येते. कुठल्या तरी मदतीसाठी यादी मागवली जाते आणि भर वर्गात विचारतात, "आत्महत्याग्रस्त कुटुंबातले कोण कोण, हात वर करा." बाप गेलेल्या पोराला वर्षातून किती वेळा हात वर करायला लावणार? ही माहिती पालकांना विचारून भरता येते. तुमच्या समितीत एवढा एक ठराव करून घेतलात तरी मोठं काम झालं.

आता माणसांचं. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा म्हणते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, आणि पट कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांचा पट शंभरच्या आत, म्हणजे आपल्या कामाचं ते दुसरं वाक्य. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटताना ते लेखी न्या. मागणी शाळेपुरती करू नका, केंद्रापुरती करा : एक माणूस, प्रत्येक शाळेचा वार ठरलेला. वार चुकवायचा नाही. पोरं वार लक्षात ठेवतात.

बाकीचे दिवस शिक्षकच. त्यांना समुपदेशक बनवायला जाऊ नका, आधीच कागदांनी बेजार आहेत. त्यांनी एवढंच टिपावं, की कोण डबा खात नाही, कोण अचानक गप्प झालं, कोण शाळा सुटली तरी घरी जायचं टाळतं. कापूस वेचणीच्या दिवसांत गैरहजेरी वाढतेच, तिला लगेच मानसिक प्रश्न समजू नका. वेचणी संपूनही जे मूल येत नाही, त्याच्या घरी मात्र जायचं.

मुलाला "कोणालाच सांगणार नाही" असं वचन कधी देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं गुन्हा आहे. हे पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगून टाकायचं.

पुढे पाठवायच्या जागा : तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक आहे का बघा. गंभीर असेल तर यवतमाळच्या मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग. टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ आणि चाइल्डलाइन (मुलांसाठीची मदतवाहिनी) १०९८ हे दोन्ही नंबर फुकट आहेत आणि चोवीस तास चालतात. ते मुतारीच्या वाटेवरच्या भिंतीवर रंगवा, ऑफिसात नको. ऑफिसात उभं राहून कोणी नंबर वाचत नाही. चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नका. यवतमाळला जायचं म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. पहिल्या खेपेला सोबत कोणी गेलं तरच दुसरी खेप होते. आमच्याकडे हे काम बरेचदा आशाताई करतात.

आणि उन्हाळ्यातच हालचाल करा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी समुपदेशनाची ठरलेल्या वाराची तासिका वेळापत्रकात बसवून घ्या. एकदा वेळापत्रक ऑफिसच्या भिंतीला चिकटलं, की मुख्याध्यापक ते सहसा हलवत नाहीत.