चार हजारांतले सहाशे

प्रश्न : ताई, नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. 2012 पासून पुण्या-मुंबईत आंब्याच्या स्टॉलवर वही ठेवायचो, लोक त्यात ईमेल लिहून जायचे. अशी 4,200 पत्त्यांची एक्सेल फाइल झाली. मधली पाच-सहा वर्षं सगळं व्हॉट्सअॅपवर चाललं, मेल कुणालाच गेली नाही. गेल्या मार्चमध्ये सगळ्या यादीला एका दमात मेल पाठवली. हजारेक परत आल्या, मेल पाठवणाऱ्या कंपनीनं खातं बंद केलं आणि आता नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाठवलेली मेलही स्पॅममध्ये जाते. पत्ते तपासून देणारी सेवा घेऊ, की सरळ नवं डोमेन (ईमेलमधलं @ नंतरचं नाव) घेऊ?
– एक बागायतदार

उत्तर : नव्या डोमेनवरून तीच यादी पाठवणं म्हणजे पेटी बदलून डागी आंबा खपवणं. आणि नवख्या डोमेनकडे जीमेल जास्तच संशयानं बघतं.

तपासणी सेवा पत्ता चालू आहे का, एवढंच सांगते. तिथल्या माणसाला तुम्ही आठवता का, हे ती कुठून सांगणार? त्यातून काही जुने, सोडून दिलेले पत्ते पुढे स्पॅम पकडायला सापळा म्हणून वापरले जातात. तपासणीत ते अगदी ठणठणीत दिसतात. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगलनं डिसेंबर 2023 पासून काढायला सुरुवात केली, तुमच्या परत आलेल्या हजारांतल्या काही अशा खात्यांच्याही असतील. स्टॉलवर उभ्या उभ्या लिहिलेलं अक्षर ही वेगळीच गंमत. एक अक्षर चुकीचं वाचलं की मेल भलत्याच माणसाकडे, आणि तो बिचारा ‘स्पॅम’वर बोट ठेवणारच. जीमेलला तक्रारींचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या आत हवं असतं, 0.3 ला तर पोचूच नये. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या तरी खेळ संपला!

तुमच्याकडे सेवेपेक्षा चांगली चाळण आहे : ऑर्डरची वही. गेल्या तीन हंगामांत ज्यांनी पेटी घेतली, फोन केला, उत्तर पाठवलं, त्यांचेच पत्ते वेगळे काढा. सहाशे निघाले तरी पुष्कळ. ‘किती जणांनी मेल उघडली’ या आकड्यावर विसंबू नका. मेलमधलं एक छुपं चित्र उतरलं की तो मोजला जातो. 2021 पासून अॅपलचं मेल अॅप माणसानं मेल उघडायच्या आधीच चित्रं उतरवून घेऊ शकतं, त्यामुळे न वाचलेलीही ‘वाचली’ दिसते.

बंद खात्यातून परत आलेल्या मेलचा अहवाल मिळत असेल तर तोही घ्या. 550 5.1.1 असं लिहिलंय तो पत्ताच अस्तित्वात नाही, काढून टाका. आकडा 4 ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते.

मेल जीमेलच्या फुकट पत्त्याच्या नावानं नको, तुमच्या स्वतःच्या डोमेनवरून जाऊ दे. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला सांगा : एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क, तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, घाल. मेल खरंच तुमच्याकडून आलीय, हे त्यावरून जीमेलला पटतं. त्याला कळेल. नाही कळलं तर मुलगा बदला.

मग सहाशेंपैकी आधी पन्नास. दोन दिवसांनी शंभर. शंभरात दोनांहून जास्त परत आल्या तर मी थांबते आणि वही पुन्हा काढते. मजकूर साधा, फोटोंचा मारा नको : ‘मागे आपण आमच्याकडून हापूस घेतला होता. यंदा बाग मोहरली आहे. भाव कळवायचा का? हो असेल तर या मेलला उत्तर द्या. नको असेल तर खाली नाव काढायचा दुवा आहे.’ तो दुवा ठळक ठेवा. लपवला तर लोक शोधत बसत नाहीत, स्पॅमचं बटण समोरच असतं.

उरलेल्या साडेतीन हजारांचा मोह होईल. मलाही झाला होता. मी एका दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांची यादी सांभाळायचे. एका वर्षी जुनी एक्सेल परत चढवली आणि ‘नाव काढा’ म्हणून कळवलेले सगळे पुन्हा यादीत आले. एका आजोबांनी घरच्या फोनवर मला पंधरा मिनिटं फैलावर घेतलं, तेही शुद्ध मराठीत. तेव्हापासून नको म्हणणाऱ्यांचे पत्ते मी पुसत नाही. त्यांची वेगळी फाइल असते आणि प्रत्येक वेळी नवी यादी तिच्याशी ताडून मगच चढवते. तुम्हीही तशी फाइल आजच करा.

अक्षय्य तृतीयेची गर्दी धरायची असेल तर पहिले पन्नास जानेवारीतच जाऊ द्या. आणि यंदा स्टॉलवर वही ठेवाल तेव्हा ईमेलशेजारी ‘भाव कळवू का?’ असा एक रकाना आखा, पत्ता गिऱ्हाइकासमोर वाचून घ्या.